दोघींची भज्जी

भादव्यात ओढ्याला पाणी आलं ते नेहमीसारखं आलं नाही. ते सरळ रानात शिरलं, शेंगांनी लगडलेलं सोयाबीन आडवं केलं आणि ओसरताना दोन भावांच्या मधला बांध घेऊन गेलं. बांधावरचे दगड, बोरीची झुडपं, खुणेला पुरलेला लोखंडी पाइप, सगळं. मागं राहिला वाळूचा एक पांढरट पट्टा. उगवतीकडचं रान धाकट्या बजरंगचं आणि मावळतीकडचं थोरल्या अण्णारावचं, हे माणसांच्या ध्यानात होतं. जमिनीला त्याचा पत्ता नव्हता.

पाणी उतरल्यावर बजरंगची बायको गोकर्णा पहिल्यांदा रानात गेली. पोटऱ्या बुडतील एवढ्या चिखलात उभी राहून ती त्या पट्ट्याकडं बघत राहिली. कुजल्या सोयाबीनचा वास नाकातून जात नव्हता. शेजारी बजरंग रेणापूरला जाऊन सरकारी मोजणीचा अर्ज द्यायच्या गोष्टी करत होता. थोरला दरसाल नांगराचं एकेक तास बांध कोरत आला, आता खरं काय ते निघेल, असं त्याचं चाललं होतं. गोकर्णाला त्यातलं अर्धं ऐकू आलं नाही. पलीकडं जायला आता काही ओलांडावं लागत नाही, एवढंच तिच्या मनात येऊन गेलं.

पलीकडं तिची थोरली जाऊ होती. कस्तुराबाई. गोकर्णा तिला अक्का म्हणायची.

गोकर्णा या घरात आली तेव्हा तिला ओलं जळण पेटवता येत नव्हतं, भाकरी तव्यावर टाकताना फाटायची. सासू आधीच गेलेली. म्हणून सासूचा धाकही अक्काचा आणि आईची मायाही अक्काचीच. अक्का चिडली की हातातलं उलथनं चुलीच्या कडेवर आपटायची आणि पुढल्या घटकेला पदराखालून गुळाचा खडा काढून द्यायची. गोकर्णाचं पहिलं बाळंतपण अक्कानं केलं. पहिलं मूल दगावलं तेव्हा रात्रंदिवस तिला पोटाशी धरून अक्काच बसली होती.

आणि येळवस. मार्गशीर्षातली ती वेळा अमावस्या आली की दोघींच्या अंगात यायचं. घरात बसून पोरींसारख्या हरभऱ्याचे घाटे सोलायच्या, तुरीच्या शेंगा सोलायच्या, बोटांची टोकं हिरवी-काळी व्हायची. सकाळी सगळा कुनबा रानात. कडब्याची खोपटासारखी कोप, कोपीत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, आणि बाहेर चुलवणावर भज्जीचं मोठं पातेलं. त्यात सोलाणे, तुरीचे दाणे, वाटाणा, शेंगदाणे, वांगी, गाजरं, बोरं, मेथी, चुका, पातीचा लसूण, रानात त्या घडीला जे जे उभं असेल ते सगळं पडायचं. चिंचेचं पाणी पडायचं. मग शेवटी पीठ लावायचं. तिथं खरी परीक्षा. हरभऱ्याचं पीठ पाण्यात सैल कालवून एकीनं सुतासारखी धार धरायची आणि दुसरीनं तळापासून डाव फिरवत राहायचा. धार जाड झाली किंवा डाव थांबला, की झाल्या गाठी. अक्का धार धरायची, गोकर्णा डाव फिरवायची. पातेलं मोठं, वाफ तोंडावर येणारी, समोरच्या माणसाचा चेहराही धड दिसायचा नाही. पण हात कधी चुकला नाही.

मग विहिरीच्या मोटारीच्या पाळीवरून भावांत जुंपली. काठ्या निघाल्या, पंच बसले, घरात भिंत आली, रानात बांध आला. बायकांत काही झालंच नव्हतं. त्यांना भांडायलासुद्धा कुणी विचारलं नाही. बजरंगनं सांगितलं, तिकडं बोलायचं नाही. अण्णारावनंही आपल्या घरात तेच सांगितलं असणार. त्यानंतर येळवशीला दोन कोपी, दोन धूर. गोकर्णा लहानशा पातेल्यात एकटीच भज्जी करायची. एका हातानं धार, एका हातानं डाव. गाठी व्हायच्याच. घरातली माणसं गुमान खायची. ती मात्र पहिल्या घासाला गाठ दाताखाली आली की पलीकडं बघायची. बांध उंच होता, त्यावर बोरी माजलेल्या. धूर तेवढा दिसायचा.

यंदा श्रावणात अक्काला अर्धांग झाला. उजवं अंग गेलं. लातूरच्या दवाखान्यात ठेवलंय असं गावात कळलं. गोकर्णा पोरीला भेटायचं निमित्त काढून लातूरला गेली. तिची शिवांगी तिथं औषधांच्या दुकानात कामाला होती. पिशवीत तिनं मऊ भात आणि लोणच्याचा खार घेतला होता. दवाखान्याच्या फाटकाशी चहाच्या टपरीवर अण्णाराव पाठमोरे बसलेले दिसले. भासऱ्यांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, मागं वळून पाहिलं असतं तर काय बोलायचं, हे तिला सुचेना. ती रस्त्याच्या अलीकडंच उभी राहिली. बराच वेळ. मग स्टँडवर येऊन तिनं तो भात एका भिकारणीला दिला आणि एसटीत बसली. घरी कुणाला काही बोलली नाही.

हरभरा पेरला, उगवला, घाट्यावर आला. मोजणीवाले यायचे होते ते आले नाहीत. येळवस जवळ आली तशी बजरंगनं घरात सांगितलं की यंदा मोठी करायची. सगळे सोयरेधायरे बोलवायचे. उमरीचे शेषेराव बायकोला घेऊन येणार होते, त्यांच्या पोरासाठी शिवांगीला सांगून आलेलं. पोरगी बघायला घरी बसून पोहे कशाला, रानात येळवशीला या, आमचं रान बघा, आमची माणसं बघा, असं हा बोलून बसला होता.

"आणि थोरल्यांचं काय सांगितलं?" गोकर्णानं विचारलं.

"पुण्याला असतेत म्हनून सांगितलं. लेकाकडं." बजरंग चपलेला लागलेला चिखल काडीनं काढत होता. "उगं घरातली धुनी सोयऱ्यापुढं कशाला धुवायची."

"आन आले मंग?"

"वैनीला दवाखान्यातनं आनल्यापसनं हातरुणावरनं उठता येत न्हाई. कुटनं येतेत."

येळवशीच्या दिवशी मंडपवाल्याकडून आणलेलं पातेलं टेम्पोतून उतरवायला दोन गडी लागले. इतक्या माणसांची भज्जी गोकर्णानं एकटीनं कधी केली नव्हती. चर खणून केलेल्या चुलवणात तुरीच्या काड्या आणि बाभळीचं जळण घातलं. थंडी चांगली होती, उगवतीचा वारा अंगाला लागत होता. पाण्याला आधण आलं तसे दाणे पडले. नणंदा वांगी चिरत बसल्या. बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, गव्हाची खीर घरून झाकून आणली होती. माणसं येत गेली, गाड्या रस्त्याकडेला लागल्या, पोरं हुरड्याला आलेल्या ज्वारीच्या ताटांतून पळायला लागली. शेषेराव पांढऱ्या टोपीचे, मोजकं बोलणारे. त्यांची बायको लुगड्याला माती लागू नये म्हणून सतरंजीच्या मधोमध बसली आणि सगळीकडं नजर फिरवत राहिली.

गोकर्णा पातेल्यात मेथी लोटत होती, तेव्हा पलीकडं बैलगाडी थांबली. अण्णाराव खाली उतरले. त्यांनी गाडीतल्या बाईला आधी बसतं केलं, मग पाठ तिच्याकडं करून खाली वाकले आणि तिला पाठीवर घेऊन चालू लागले. ढेकळांतून त्यांचा पाय मुरगळत होता. अक्काचा एक हात त्यांच्या गळ्यात होता आणि दुसरा नुसता लोंबत होता, चालण्याबरोबर हलत होता.

इकडच्या सतरंजीवर कुणीतरी हसलं. म्हातारपणी वरात निघाली म्हणालं. शेषेरावांच्या बायकोनं विचारलं, ही कोण माणसं? बजरंग म्हणाला, शेजारी हायेत.

गोकर्णाच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. मग तिनं ती पातेल्यात टाकली. मान खाली घालून ती काम करत राहिली, पण तिचं अर्धं लक्ष तिकडंच होतं. मधे आता आडोसा नव्हताच. अण्णारावनं घोंगडं अंथरून बायकोला चुलीपाशी टेकवून बसवलं. कोप घातलेली नव्हती, चार पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या केल्या आणि त्यात दगड मांडले. सून तनुजा आली नव्हती, लेक शिवमही नाही. नोकरीची माणसं. म्हाताऱ्यानं एकट्यानं जाळ केला, एकट्यानं पातेली ठेवली. वांगी त्यानं देठासकट टाकली. अक्का डाव्या हातानं काहीतरी दाखवत होती आणि त्याला ते कळत नव्हतं. तो तिच्या तोंडाजवळ कान नेई, मग पुन्हा पातेलीकडं वळे.

गोकर्णाच्या पातेल्यातली भाजी शिजत आली. चिंचेचं पाणी पडलं. पिठाचं पातळ कालवून ठेवलेलं होतं. तिनं शिवांगीला हाक मारली, धार कशी धरायची ते दाखवलं, आणि सहज म्हणून मान वर केली.

पलीकडं अक्कानं डाव्या हातात डाव धरला होता. उजवीकडं कलंडत होती, पुन्हा सरळ होत होती. अण्णारावनं पिठाची वाटी उचलली आणि सगळीच्या सगळी एकदम पातेलीत ओतली. अक्काचा डाव तिथंच थांबला. ती चिडली नाही. नुसती पातेलीत बघत राहिली. ज्या बाईनं उलथनं आपटून घर दणाणून सोडलं होतं, ती गप बसली होती.

गोकर्णानं लेकीच्या हातात डाव दिला. "तळाला लागू देऊ नकोस. आले."

ती निघाली तेव्हा कुणाचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. वाळूच्या पट्ट्यावर पाय पडला तेव्हा मात्र गप्पा थांबल्याचं तिला पाठीनं कळलं. बजरंगची हाक आली, नाव घेऊन. दुसरी हाक जरा मोठी आली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि चालत राहिली. हरभऱ्याच्या पाल्यावरची झोंबरी आंब पायांना चावत होती.

अण्णाराव तिला बघून उठून उभे राहिले. भासऱ्यांशी ती कधी समोरासमोर बोलली नव्हती. ती खाली बघतच म्हणाली, "थोडं पीठ हाय का अजून?"

त्यांनी डबा पुढं केला आणि बाजूला झाले.

गोकर्णानं झाऱ्यानं मोठमोठ्या गाठी काढल्या, हातानं फोडल्या. पातेलीत पाणी वाढवलं. नवं पीठ सैल कालवलं. मग अक्काच्या समोर बसली. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, कुंकू वाकडं लागलेलं, भासऱ्यांनीच लावलेलं असणार. केसांत गुंता.

"अक्का, वळखलंस का?"

"हाव," अक्का म्हणाली.

"लई दुकतंय का?"

"हाव."

"आता जरा बरं हाय न्हवं?"

"हाव."

गोकर्णा थांबली. अण्णाराव मागून खालच्या आवाजात म्हणाले, "तेवढंच उरलंय. काई बी इचार, हावच म्हनती. डॉक्टर म्हनला येईल हळूहळू. न्हाई आलं."

इतकी वर्षं गोकर्णानं एक प्रश्न जपून ठेवला होता. त्या दवाखान्याच्या रस्त्यावर तर तो अगदी ओठांवर आला होता. माज्यावर रुसलीस का गं, एवढाच. आता तो विचारायला समोर माणूस होतं, आणि विचारून उपयोग नव्हता. रुसली असली तरी हाव, नसली तरी हाव. तिनं तो प्रश्न गिळला.

"डाव धर," ती म्हणाली. "म्या धार सोडते."

असं त्या दोघींनी कधी केलं नव्हतं. धार अक्काची, डाव गोकर्णाचा, हाच रिवाज. अक्काची बोटं डावावर घट्ट झाली. गोकर्णानं वाटी कलती केली. पहिल्यांदा हात जुळेनात. अक्काचा डाव एका बाजूला जोरात जाई, दुसऱ्या बाजूला अडे. गोकर्णानं धार बारीक केली, डाव अडला की थांबवली, सुटला की सोडली. अक्काच्या कपाळावर घाम आला, लाळेची एक तार हनुवटीवर आली. गोकर्णानं ती पदरानं पुसली आणि धार सोडत राहिली. पीठ मिळून आलं. भज्जीला पिवळसर तकाकी आली, बुडबुडे जड व्हायला लागले. अक्कानं डाव उचलून बघितला. डावावरून भज्जी एकसारखी खाली पडली. ओढल्या तोंडाच्या चांगल्या बाजूनं ती हसली.

"गाठ न्हाई एक बी," गोकर्णा म्हणाली.

"हाव," अक्का म्हणाली.

त्याच वेळी वाऱ्याबरोबर करपल्याचा वास आला.

गोकर्णा पळत आपल्या चुलीपाशी आली तेव्हा डाव पातेल्यात तसाच उभा होता आणि शिवांगी पाहुण्यांना आंबील वाढत होती. बापानं तिला बोलावलं होतं. सोयऱ्यांपुढं पोरगी दिसायला नको का? एवढं मोठं पातेलं, खाली धडधडीत जाळ. गोकर्णानं जळण ओढलं, वरची भाजी दुसऱ्या भांड्यांत काढली, खालचं तसंच ठेवलं. वास जायचा तो गेला नाही.

पांडवांना नैवेद्य झाला, पिकात आंबील शिंपडून झाली, पंगत बसली. माणसं जेवली. करपटपणाला हुशार माणसं खरपूस म्हणाली. शेषेरावांच्या बायकोनं दोन घास खाल्ले, ताटातली भज्जी कडेला सारली आणि गोकर्णाला विचारलं, "त्या कोन होत्या?"

बजरंग समोर बसला होता. गोकर्णानं त्याच्याकडं बघितलं नाही.

"माजी थोरली जाव."

"पुण्याला असतेत म्हनून सांगितलं होतं."

"न्हाई. हितंच असतेत."

शेषेराव पाण्याचा तांब्या तोंडाला लावून बराच वेळ पीत राहिले. जेवणं झाल्यावर ते लगेच निघाले. कळवतो म्हणाले.

संध्याकाळी पातेलं घासायला गोकर्णा एकटीच बसली. तळाला काळा थर धरला होता, तो विळ्यानं खरवडावा लागला. बजरंग मागं येऊन उभा राहिला.

"दोन-चार तास धीर न्हाई निगाला तुला," म्हणाला.

"लई वर्सं धीर धरला की," गोकर्णा म्हणाली आणि विळा चालवत राहिली.

उमरीहून काही कळवणं आलं नाही. मधल्या माणसाकडून समजलं की त्यांना भावबंदकीच्या घरातली पोरगी करायची नाही. शिवांगी दोन दिवस आईशी बोलली नाही. बजरंग महिनाभर घुम्यासारखा जेवून उठायचा. गोकर्णाला त्याचं वाईट वाटत होतं आणि नव्हतंही. ती आता दुपारचं काम आवरलं की उघड उघड भिंतीपलीकडच्या घरी जायची. अक्काच्या केसांतला गुंता काढायची, तेल लावायची, तिच्या न हलणाऱ्या बोटांना चोळायची आणि गावातल्या सगळ्या गोष्टी सांगायची. बजरंग दारात बसलेला असला तर पाय आखडून घ्यायचा. अडवायचा नाही.

हे सुख संक्रांतीपर्यंतच टिकलं. शिवम दोघांना न्यायला पुण्याहून गाडी घेऊन आला. तिकडं चांगले इलाज आहेत, रोज व्यायाम करून घेणारी बाई येईल, इथं वडलांनी एकट्यानं किती ओढायचं, असं त्याचं म्हणणं. खोटं काहीच नव्हतं. गोकर्णानं अक्काचं गाठोडं बांधून दिलं. अक्काला गाडीत बसवलं तेव्हा तिनं गोकर्णाचं मनगट धरलं आणि सोडेना. शिवमनं हळूच एकेक बोट सोडवलं. गोकर्णाला रडू आलं नाही. गाडी वळणाआड गेल्यावर ती घरात जाऊन ज्वारी निवडत बसली आणि पाखडलेलीच ज्वारी पुन्हा पुन्हा पाखडत राहिली.

गाडी निघायच्या आधी अण्णाराव भावापाशी येऊन थांबले होते. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

"हरभरा काडून घे," अण्णाराव म्हणाले.

"बगतो," बजरंग म्हणाला.

दोघा भावांत एवढंच बोलणं झालं. मोजणीचा अर्ज तसाच पडून राहिला.

हरभरा वाळला तसं आधी आपलं रान उरकून गोकर्णा मावळतीकडच्या रानात शिरली. सकाळी दव असेपर्यंत झाडं उपटायची, ऊन चढलं की घाटे फुटतात. हाताला फडकं गुंडाळलं तरी आंबेनं कातडी सोलली होती. न्याहारीच्या वेळेला ती कमरेत हात देऊन उठली आणि बसायला जागा बघायला लागली. अक्काच्या चुलीचे दगड तिथंच होते, काळे पडलेले, जमिनीत रुतलेले. एका येळवशीचे ते नव्हते, वाटणी झाल्यापासून ते तिथंच होते.

ती चुलीपाशी बसली. बसल्यावर तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चुलीचं तोंड भलतीकडंच होतं. येळवशीच्या दिवसांत वारा उगवतीचा. रांधणारी बाई वाऱ्याकडं पाठ करून बसते, धूर पुढं निघून जातो, हे लहान पोरीलाही कळतं. या चुलीपुढं बसलं तर तोंड थेट उगवतीला येत होतं. सगळा धूर डोळ्यांत. सकाळचं ऊनही डोळ्यांत. तिला चूल पेटवायला शिकवलेली बाई अशी चूल मांडेल कशाला?

गोकर्णानं भाकरीचं फडकं सोडलं आणि मान वर केली.

समोर, जिथं बांध होता त्याच्या पलीकडं, तिची स्वतःची चूल होती. तिथं बांध जरा सखल होता, बोरी विरळ होत्या, हे तिला आता आठवलं. तिकडून बघताना मधे नुसता धूर दिसायचा. इथं खाली बसलं की त्या फटीतून सगळं दिसत असणार. चुलवण, कोपीचं दार, बाभळीखाली ती पाटा मांडायची ती जागा. एका हातानं धार आणि एका हातानं डाव सांभाळणारी बाईसुद्धा.

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. तो बराच वेळ हातातच राहिला. वारा पडला होता, ऊन तापत होतं. मग ती चुलीपासून न हलता, तशीच उगवतीकडं तोंड करून जेवली.